अडीच फुटांचं दार

बाजारात मिळणारी साधी घडीची व्हीलचेअर पूर्ण उघडली की बाहेरून बाहेर साधारण २५ ते २७ इंच भरते. आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या न्हाणीघराचं दार नकाशात अडीच फुटांचं, म्हणजे ३० इंचांचं असतं. त्यातून दोन्ही बाजूंची चौकट वजा करा, उघड्या दाराच्या फळीची जाडी वजा करा, उरतात २५ इंच. कधी २४. शिवाय चाकं स्वतःच्या हातानं फिरवायची तर बोटांना दोन्हीकडे थोडी मोकळी जागा लागते, ती वेगळीच. हे गणित चौथीतलं पोरही सोडवेल. तरी गावोगावच्या शिबिरांतून खुर्च्या वाटल्या जातात, वर्तमानपत्रात फोटो येतात, आणि ती खुर्ची ज्या दारातून आत जायची ते दार मोजायला कोणी जात नाही.

असं एक शिबिर एका तालुक्याच्या गावी पाहिलं. मंगल कार्यालयाच्या आवारात मांडव, मांडवात प्लॅस्टिकची वेष्टणं न काढलेल्या खुर्च्यांची रांग. केंद्र सरकारची 'एडिप' योजना १९८१पासून चालू आहे. साहित्य बहुतेक वेळा कानपूरच्या 'ॲलिम्को' या सरकारी कंपनीचं असतं. ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला आणि महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर साहित्य मोफत, ३०,०००पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. योजना वाईट नाही. तीनचाकी सायकल मिळाल्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा एकट्यानं बाजाराला गेलेली माणसं मला त्याच मांडवात भेटली. पण आदल्या वर्षी खुर्ची मिळालेल्या एका आजींच्या घरी गेलो, तर खुर्ची पडवीत होती आणि तिच्यावर वाळवणाचं सूप ठेवलेलं होतं. "आत येतंय कुठं ती?" सूनबाई म्हणाल्या. "उंबऱ्याला अडती. आत्यांना मीच काखेत हात घालून ओढत न्हेते मोरीपत्तुर. आता माझीबी कंबर गेली."

पडवीपासून मोरीपर्यंतचं अंतर जेमतेम पंधरा पावलांचं असेल. एवढ्या अंतरात कोणत्या योजनेचं काय उपयोगी पडतं, याचा शोध घेत मी बरीच दारं ठोठावली. हाती जे लागलं ते थोडक्यात सांगायचं तर असं, की पैसा हा या प्रश्नातला दुसरा भाग आहे. पहिली उणीव आहे ती घरी येऊन, त्या माणसाकडे आणि त्या भिंतीकडे एकाच वेळी बघून, काय करायचं ते सांगणाऱ्या माणसाची.

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका जुन्या सोसायटीत एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक राहतात. पक्षाघातानं उजवी बाजू गेली. रुग्णालयातून घरी सोडताना कागद मिळाला. त्यावर गोळ्या होत्या, पथ्य होतं, फिजिओथेरपीच्या तारखा होत्या. "मीठ कमी खा असं लिहिलं होतं," त्यांच्या पत्नी सांगतात. "संडासला कसं न्यायचं ते काही लिहिलं नव्हतं." मग घरोघरी जे होतं तेच झालं. पहिल्या आठवड्यात न्हाणीघराचं दार बिजागऱ्यांसकट काढलं आणि तिथे पडदा लावला.

दार काढून पडदा हा मराठी मध्यमवर्गीय घरातला पहिला आणि पुष्कळदा शेवटचा बदल असतो. खर्च नाही, गवंडी नको, अर्ध्या तासात काम. त्याची खरी किंमत पडद्याच्या आत बसलेला माणूस देतो. दिवाणखान्यात पाहुणे असताना हे काका तास तास दाबून धरत. पाणी कमी प्यायला लागले, त्यातून लघवीचा संसर्ग झाला, पुन्हा रुग्णालय. त्या दुसऱ्या बिलात चांगलं सरकतं दार सहज बसलं असतं.

पुढचा प्रयोग आधाराच्या दांड्याचा. हार्डवेअरच्या दुकानातून स्टीलचा दांडा आला, प्लंबरनं तो कमोडच्या उजव्या भिंतीवर ठोकला, कारण डाव्या भिंतीवर गीझरचा पाइप होता. काकांचा उजवा हात चालतच नाही. महिनाभर तो दांडा टॉवेल टाकायला उपयोगी पडला. शेवटी ओळखीतून एक व्यवसायोपचार तज्ज्ञ, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, घरी आल्या. त्यांनी आधी काही सुचवलंच नाही. काकांना म्हणाल्या, "रोज कसं जाता ते दाखवा." पलंगावरून उठण्यापासून परत येण्यापर्यंत सगळं बघितलं. उठताना डावा हात आपोआप भिंतीवर जिथे टेकत होता, तिथे पेन्सिलीनं फुली मारली. दांडा त्या फुलीवर बसला. गीझरचा पाइप फूटभर वर गेला. कमोड दोन इंचांनी उंच केला, पलंगाचे पाय तेवढेच कापले, दाराच्या जागी बाहेरच्या भिंतीवर सरकणारी फळी आली. सगळ्याचा खर्च तीस हजारांच्या आत बसला. बाईंची फी त्यातला अगदी छोटा भाग होती.

या बाई आपल्या वाट्याला इतक्या उशिरा आणि अशा योगायोगानं का याव्यात? महाराष्ट्रापुरती ही गोष्ट जास्तच बोचणारी आहे, कारण हा व्यवसाय आपल्या देशात पहिल्यांदा शिकवला गेला तो मुंबईत. कमला निंबकर मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इथल्या झाल्या. वयाच्या चाळिशीत फिलाडेल्फियाला जाऊन त्या हे शास्त्र शिकून आल्या आणि १९५०मध्ये केईएम रुग्णालयात त्यांनी या विषयाची शाळा सुरू केली. भारतातली ती पहिलीच. १९५८मध्ये नागपूरला दुसरी निघाली. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल, ती त्यांच्याच नावाची. हाजी अलीचं अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थान त्याच दशकातलं, १९५५चं. म्हणजे माणसं घडवण्याची सोय आपल्याकडे पंचाहत्तर वर्षांपासून आहे. ती माणसं रुग्णालयात असतात, विशेष मुलांच्या खासगी केंद्रांत असतात, आणि मोठ्या संख्येनं परदेशी असतात. तालुक्याच्या गावात, महापालिकेच्या प्रभागात, कोणाच्या न्हाणीघरात मात्र ती नसतात, कारण तिथे जाण्याची नोकरीच कुठे निर्माण झालेली नाही.

नागपूरला शिकून इंग्लंडात स्थायिक झालेल्या एका थेरपिस्टबाईंशी बोललो. त्यांचं रोजचं कामच हे. स्थानिक कौन्सिलकडे अर्ज आला की त्या घरी जातात, माणूस कसा वावरतो ते पाहतात आणि कोणता बदल 'आवश्यक आणि योग्य' आहे याचा अहवाल लिहितात. त्यावर 'डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट' मिळते, इंग्लंडात कमाल ३०,००० पौंड. मोठ्यांच्या बाबतीत उत्पन्न तपासलं जातं, लहान मुलांसाठी तपासलं जात नाही. हजार पौंडांच्या आतले किरकोळ बदल कौन्सिल फुकट करून देतं. "इथेही रांग असते हं," त्या घाईनं म्हणाल्या. "महिनोन्‌महिने थांबतात लोक. जिना चढता येत नाही म्हणून खालच्या खोलीत बादलीवर भागवणारी म्हातारी माणसं मी पाहिलीयत. पण रांग आहे म्हणजे निदान खिडकी तरी आहे ना, दादा."

जपानचं उदाहरण मला आपल्याला जास्त जवळचं वाटतं. जुन्या जपानी घरातही उंबरठा, जमिनीवरची बैठक, उकिडवं बसायचा संडास हे सगळं होतं. २०००मध्ये तिथे वृद्धांच्या शुश्रूषेचा सार्वजनिक विमा आला आणि त्यात घरबदलासाठी २ लाख येनपर्यंतच्या कामाची तरतूद झाली. दांडे, उंबरठे काढणं, सरकती दारं, बसका संडास बदलून कमोड, अशा ठरलेल्या कामांसाठीच ती वापरता येते. पण काम सुरू होण्याआधी ते का हवं याचं लेखी कारण जोडावं लागतं, आणि ते बहुधा त्या घराची देखरेख करणारा शुश्रूषा व्यवस्थापक लिहितो. गवंडी त्यानंतर येतो.

आपल्याकडे गवंडीच पहिला येतो, म्हणून गवंड्यांशीही बोललो. वारजे भागात दुरुस्तीची कामं घेणारे एक कंत्राटदार आहेत, हातात कायम टेप. त्यांच्याकडून जे शिकलो ते कोणत्याही पुस्तिकेपेक्षा जास्त होतं. न्हाणीघराचा उंबरठा नुसता फोडून चालत नाही. स्लॅब तिथे खाली घेतलेला असतो, वर ब्रिकबॅट कोबा आणि वॉटरप्रूफिंग. उंबरठा गेला की पाणी बेडरूममध्ये. मग दाराशी आडवी जाळी टाकायची, तिला ट्रॅपपर्यंत उतार द्यायचा आणि आतली फरशी बाहेरच्या पातळीला आणायची. "दोन फरश्यांचं काम सांगून बोलावतात," ते म्हणाले, "आणि मी पूर्ण बाथरूम उखडायला लागतो तेव्हा साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होतो. आधी कोणी समजावलेलंच नसतं."

दांड्याचंही तसंच. जुन्या विटेच्या भिंतीत अँकर फास्टनर घट्ट बसतो. गेल्या काही वर्षांत आतल्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या येतात. त्यात साध्या प्लगवर बसवलेला दांडा सत्तर किलोचा माणूस लटकला की ठोकळ्याच्या भुशासकट हातात येतो. तिथे आरपार बोल्ट आणि मागून पट्टी घालावी लागते, नाहीतर जमिनीवर उभा राहणारा दांडा. चिकटून बसणारे, पोकळी धरून राहणारे रबरी दांडे ऑनलाइन स्वस्तात मिळतात, भाडेकरू ते आवडीनं घेतात. ओल्या टाइलवर ते कधी सुटतील याचा नेम नाही. कंत्राटदारांनी ते एका घरी स्वतः काढून कचऱ्यात टाकले. आणि दार कसंही असो, ते बाहेर उघडलं पाहिजे. आत उघडणाऱ्या दाराच्या मागेच माणूस पडला तर त्याला हलवल्याशिवाय दार उघडत नाही आणि दार उघडल्याशिवाय त्याला हलवता येत नाही.

भाडेकरूंची अडचण आणखी. अकरा महिन्यांच्या करारात भिंतीला खिळा मारायचीही परवानगी नसते. घरमालक नाही म्हणाला की विषय संपला.

घरातलं एकवेळ आपल्या हातात असतं. दाराबाहेर पाऊल टाकलं की सोसायटी सुरू होते. इमारतीच्या तोंडाशी तीन पायऱ्या, म्हणजे दीड फूट. चढाचं प्रमाण १ला १२ धरायचं, हे देशभरच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. म्हणजे दीड फूट चढायला १८ फुटांचा रॅम्प. पार्किंगमध्ये १८ फूट लांब म्हणजे एका मोटारीची जागा, आणि पुण्या-मुंबईत मोटारीची जागा कोणाकडे मागायची हे सांगायला नको. मग तडजोड म्हणून पाच-सहा फुटांचा घसरगुंडीसारखा उतार बांधला जातो. त्यावरून खुर्ची वर नेताना ढकलणाऱ्याला घाम फुटतो आणि खाली आणताना खुर्चीतल्याला. सोसायटीच्या अहवालात मात्र 'रॅम्प बांधला' अशी नोंद होते.

एका सोसायटीच्या सचिवांना मी विचारलं, परवानगीला दीड वर्ष का लागलं? ते प्रामाणिक होते. "विरोध असा कोणाचाच नव्हता हो. पण सर्वसाधारण सभेत विषय आला की एक जण म्हणायचा, शोभा जाईल. दुसरा म्हणायचा, पोरं त्यावरून सायकली चालवतील. तिसरा म्हणायचा, एकासाठी सगळ्यांच्या पैशानं का? वहिनी म्हणत होत्या, पैसे आम्ही देतो, फक्त हो म्हणा. तरी विषय पुढच्या सभेवर." वहिनी म्हणजे त्या खुर्चीतल्या सभासदाच्या पत्नी. दीड वर्ष त्या आणि वॉचमन मिळून रोज खुर्ची उचलत होत्या.

लिफ्ट नसलेल्या तळमजला अधिक तीन-चार मजल्यांच्या इमारतींबद्दल काय लिहायचं? म्हाडाच्या, सिडकोच्या, सहकारी बँकांच्या कर्जावर सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या त्या वसाहती. तिथे वरच्या मजल्यावर वर्षानुवर्षं गॅलरीतून जग पाहणारी माणसं आहेत. खाली उतरणं म्हणजे रुग्णवाहिकेतल्या पोरांनी चादरीत घालून उतरवणं, एवढंच त्यांना माहीत.

कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चा आहे. १९९५च्या आधीच्या कायद्यात सात प्रकार होते, यात २१ आले. कलम ५ म्हणतं, दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि घरपोच साह्यसेवा तिला मिळाव्यात यासाठी सरकारनं प्रयत्न करावेत. कलम ३८ तर आणखी पुढे जातं. ज्याला जास्त आधाराची गरज आहे त्यानं अर्ज करावा, मूल्यमापन मंडळ त्याची पाहणी करील आणि आधार कसा द्यायचा ते सांगील. घरी येऊन बघणाऱ्या माणसाची जागा कायद्यात कुठे असेल तर ती इथे. ज्या ज्या दिव्यांग व्यक्तींना मी या कलमाखाली अर्ज केलात का असं विचारलं, त्यांनी मलाच उलट विचारलं, असं कलम आहे? पुण्यात राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे, डिसेंबर २०२२मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. तक्रार आयुक्तांकडे करता येते आणि तिच्या चौकशीपुरते त्यांना दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत. ही गोष्ट सोसायटीच्या सचिवांना कळवली की पुष्कळदा रॅम्पचा विषय एका सभेत मंजूर होतो, असा अनुभव एका कार्यकर्त्यानं हसत हसत सांगितला.

पण कायद्याचा सगळा जोर सार्वजनिक इमारतींवर आहे. आणि तिथेही पाया भुसभुशीत निघाला. इमारतींचे निकष सांगणारा केंद्राचा नियम १५ हा नुसत्या शिफारशींवर उभा आहे, म्हणून तो मूळ कायद्याशी विसंगत ठरतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर दिला आणि सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत ठरवायला केंद्राला सांगितलं. रतुरी स्वतः दृष्टिबाधित. त्यांची याचिका २००५ची. हा निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि तो त्यांच्या कारकिर्दीतला शेवटचा कामाचा दिवस होता.

पुढची घटना वाचकांना आठवत असेल. निवृत्तीनंतर मुदतीपलीकडे सरकारी बंगल्यात राहिल्यावरून २०२५च्या जुलैत चंद्रचूडांवर टीका झाली. त्यांनी जाहीरपणे सांगितलं, की त्यांच्या दोन मुलींना नेमलिन मायोपथी हा स्नायूंचा दुर्मीळ आजार आहे आणि व्हीलचेअर फिरेल असं घर शोधूनही लवकर मिळत नव्हतं. मुदतीचा वाद ज्याचा त्यानं घालावा. मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. ज्याच्या शब्दावर देशातले नियम रद्द होतात, ज्याला घरभाड्याची विवंचना नाही, त्यालाही राजधानीत खुर्ची जाईल असं घर सहजी सापडलं नाही. मग पडवीत खुर्ची ठेवणाऱ्या सूनबाईंनी कोणाकडे बघायचं?

गावाकडे वळतो, कारण २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात जे २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले, त्यांत गावची माणसं खूप आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाटीवरच्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर असा हिशोब आहे. दिव्यांगांना त्यात प्राधान्य आहे, आरक्षणही. घर मिळतं. पण पावसाचं पाणी शिरू नये म्हणून जोतं दोन फूट उंच घेतात. दोन फुटांना १ला १२नं रॅम्प किती? २४ फूट. घराच्या लांबीपेक्षा रॅम्प लांब. जागा असेल तर तो घराला वळसा घालून बांधता येतो, भरावाला मुरूम आणि दगड गावातच मिळतो. पण घरकुलाच्या हप्त्यांत त्याचा हिशोब नसतो. स्वच्छ भारतच्या शौचालयाला १२,००० रुपये मिळाले. दिव्यांगांना वापरता येईल असा घरगुती संडास कसा बांधावा याची पुस्तिका केंद्रानं २०१५मध्ये काढली होती. चांगली चित्रं आहेत तिच्यात. ज्या ग्रामसेवकांशी बोललो त्यांच्यापैकी कोणी ती पाहिलेली नव्हती.

पैशाची एक वाट मात्र ग्रामपंचायतीतच आहे. स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांना बंधनकारक आहे, पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होतं. हा निधी खर्चच होत नाही म्हणून आंदोलनं झाली, कार्यालयांना टाळी ठोकली गेली. आता बऱ्याच गावांत तो मार्चमध्ये खर्च होतो, पण कसा? गावात वीस दिव्यांग असतील तर रकमेचे वीस सारखे भाग करून खात्यावर टाकायचे. भांडण नाही, ऑडिटला सोपं. कुणाला दोन हजार, कुणाला अठराशे. त्यात रॅम्प होत नाही, दांडा होत नाही, घरातल्या किराणात ते जातात. मला यात सरपंचांना दोष द्यावासा वाटत नाही. कोणाला काय हवं हे सांगणारा कागदच समोर नसेल तर सारखे वाटे घालणं हाच न्याय वाटणार. जिल्हा अपंग पुनर्वसन केंद्रातला एक माणूस वर्षातून एकदा गावात फिरला आणि घरटी एक पान लिहून गेला, तरी तोच निधी वेगळा खर्च होईल. तामिळनाडूनं जागतिक बँकेच्या कर्जातून 'राइट्स' नावाचा प्रकल्प काढून थेरपिस्टांना वस्तीपर्यंत आणायचा प्रयत्न चालवला आहे. आपल्याकडे निधीही आहे आणि शिकलेली माणसंही आहेत, दोन्ही एका टेबलावर येत नाहीत.

शहरी पगारदाराला आयकरात थोडी सवलत मिळते. जुन्या करप्रणालीत कलम ८०-यू किंवा ८०-डीडीखाली ७५,००० रुपयांची, तीव्र दिव्यांगत्वाला १,२५,०००ची वजावट. नवी प्रणाली घेतली की तीही जाते. आरोग्यविम्याचं सांगायलाच नको. माकडहाड मोडलं तर पैसे मिळतात, न घसरण्याच्या फरशीचे मिळत नाहीत. पासष्टी ओलांडलेल्या गरजूंना राज्याची २०२४ची 'मुख्यमंत्री वयोश्री' योजना एकदाच ३,००० रुपये देते. त्यात कमोड खुर्ची येते, आणि खरं सांगायचं तर अनेक घरांत तीच सगळ्यात कामाची वस्तू ठरली आहे. पलंगाशेजारी खुर्ची आणली की अडीच फुटांच्या दाराचा प्रश्न तात्पुरता मिटतो.

आतापर्यंत मी सारखा न्हाणीघराबद्दलच लिहितोय, हे लक्षात आलं असेल. घरात अपंगत्व आलेला पुरुष असेल तर चर्चा न्हाणीघरापाशी थांबते. बाई असेल तर ती ओट्यापाशी जाते. आपला ओटा उभ्यानं काम करायला ३२ ते ३४ इंच उंच असतो आणि खाली ट्रॉल्या. खुर्चीत बसून काम करायचं तर उंची चार-पाच इंचांनी कमी हवी आणि गुडघे आत जायला ओट्याखाली मोकळी जागा हवी. मिरजेकडच्या एका ताईंनी स्वतः सुताराला बोलावून दोन ट्रॉल्या काढायला लावल्या. सासूबाई म्हणाल्या, तू कशाला करतेस, आम्ही आहोत ना. "त्यांना माया होती," ताई म्हणाल्या. "पण मला माझ्या हातचा चहा प्यायचा होता. दुसऱ्याच्या सवडीनं मिळालेला चहा मी सहा वर्षं प्यायले."

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी हे फार आधी ओळखलं होतं. सोळाव्या वर्षी कमरेखाली लुळेपण आलं, पुढे त्यांनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. त्यांच्या आत्मकथनाचं नाव 'चाकाची खुर्ची'. कोल्हापुरात संस्थेचं 'घरौंदा' वसतिगृह बांधलं गेलं ते खुर्चीतल्या माणसाच्या मापानं. खडकीतलं लष्कराचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४चं. मज्जारज्जूला इजा झालेले जवान तिथे राहतात, काम करतात, खुर्चीतून बास्केटबॉल खेळतात. या दोन जागा पाहिल्या की मापांचं कोडं कधीच सुटलेलं आहे हे कळतं. फक्त ते संस्थेच्या कुंपणाआत सुटलं. तिथे पाच वर्षं स्वतंत्रपणे वावरलेला मुलगा सुट्टीत घरी जातो आणि त्याला आईनं उचलून न्हाऊ घालावं लागतं.

खुर्चीखेरीजच्या अपंगत्वाला लागणारे बदल तर इतके स्वस्त आहेत की ते न होण्याचं कारण फक्त माहिती नसणं हेच. कर्णबधिर जोडप्याच्या घरी बेल वाजली की दिवा लुकलुकला पाहिजे, वायरमनचं तासाभराचं काम. कमी दिसणाऱ्या आजोबांसाठी पायरीच्या कडेला पिवळी पट्टी. कुष्ठरोगानं बोटांची संवेदना गेलेल्यांसाठी गोल नळाऐवजी मनगटानं सरकवता येईल अशी तरफ, आणि भांड्यांना लाकडी मुठी. यांची यादी छापून रुग्णालयानं घरी सोडण्याच्या कागदाला टाचली तरी पुष्कळ होईल.

पुढचं आव्हान मात्र गवंड्याच्या हातातलं नाही. पुण्या-मुंबईत नवे मनोरे 'मायवान' पद्धतीनं, ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून उभे राहतात. काम झपाट्यानं होतं. पण आतल्या भिंतीही काँक्रीटच्या, सळईच्या आणि इमारतीचा भार घेणाऱ्या. तिथे दार एकदा अडीच फुटांचं ओतलं गेलं की ते इमारत असेपर्यंत अडीच फुटांचंच. छिन्नी लावायची सोय नाही. वारज्याच्या कंत्राटदारांना मी विचारलं, अशा घरातून बोलावणं आलं तर? "हात जोडतो," ते म्हणाले. "दार काढून पडदा लावा म्हणून सांगतो."

त्यामुळे सगळी लढाई नकाशाच्या टप्प्यावर आली आहे, आणि पुनर्विकासाच्या लाटेमुळे तो टप्पा हजारो सोसायट्यांत आत्ता चालू आहे. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सभासदांना सूचना देता येतात, नकाशा पाहता येतो. मुंबईच्या उपनगरातल्या अशा एका सभेला मला बसू दिलं. चटई क्षेत्र किती टक्के वाढणार, कॉर्पस किती, पार्किंग एक की दोन, फरशी कोणत्या कंपनीची, यावर तीन तास गेले. शेवटी एक बाई उठल्या. त्यांच्या मुलाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, चौदा वर्षांचा. त्या म्हणाल्या, न्हाणीघरांची दारं तीन फुटांची आणि उंबरठा सपाट हवा. आर्किटेक्टनी नकाशावर पट्टी ठेवली, वॉशबेसिनची जागा हलवली आणि म्हणाले, होईल, जागाही जास्त जाणार नाही.

पुढच्या नकाशात त्यांच्या फ्लॅटचं दार तीन फुटांचं झालं होतं. बाकीच्या बेचाळीस फ्लॅटचं अडीच. त्यांनी कारण विचारलं. "इतरांनी मागितलेलं नाही ना," आर्किटेक्ट म्हणाले. समितीत सात जण आहेत, त्यातल्या पाच जणांनी साठी ओलांडली आहे आणि अध्यक्षांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. बाईंनी सगळ्याच फ्लॅटसाठी लेखी ठराव दिला. विषयपत्रिकेवर तो आता आला आहे, पार्किंगच्या वाटपाखाली, नवव्या क्रमांकाला.